रिलीज मुंबईत, कसोटी तलवाड्यात

गेवराई तालुक्यातलं तलवाडा लोकांना माहीत असतं ते त्वरिता देवीमुळे. सॉफ्टवेअरच्या चर्चेत हे नाव येण्याचं तसं कारण नाही. पण मुंबईत तयार होणाऱ्या ‘ईआरपीनेक्स्ट’सारख्या मुक्तस्रोत हिशेबाच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती कशी उतरली, हे जोखायचं तर असंच एखादं गाव डोळ्यांसमोर धरावं लागतं. ऋषभ मेहता यांच्या फ्रापे कंपनीचं हे सॉफ्टवेअर जीपीएल परवान्याखाली खुलं आहे. कोणीही उतरवून घ्यावं, वापरावं, बदलावं. नाव-गाव कळवायची गरज नाही. रिलीजची तयारी अवघड होते ती याच मोकळेपणामुळे. विकतच्या सॉफ्टवेअरचा विक्रेता गिऱ्हाइकाला फोन करून सांगू शकतो, की उद्या अपडेट आहे, आज बॅकअप घेऊन ठेवा. मुक्तस्रोतवाल्यांना आपलं काम कुठल्या जिनिंगमध्ये, कुठल्या कृषी सेवा केंद्रात चालू आहे याचा पत्ताच नसतो. जे फोनवर सांगता येत नाही ते सगळं रिलीजमध्येच आधी करून ठेवावं लागतं. म्हणून या तयारीचं मोल नव्या सोयींपेक्षा जास्त धरायला हवं, असं माझं मत आहे.

तयारी सुरू होते ती थांबण्यापासून. एका तारखेनंतर नवं काही घ्यायचं नाही, फक्त चुका दुरुस्त करायच्या. याला फ्रीज म्हणतात. लिनक्सच्या कर्नलमध्ये दर आवृत्तीला साधारण दोनच आठवडे नव्या गोष्टी स्वीकारल्या जातात. पुढचे सात-आठ आठवडे निव्वळ दुरुस्तीचे. दर रविवारी एक ‘आरसी’, म्हणजे पक्की होऊ घातलेली आवृत्ती, चाचणीसाठी बाहेर पडते. कालपर्यंत चालणारा प्रोग्रॅम नव्या कर्नलमुळे बंद पडला तर दोष कर्नलचा, हा लिनक्सचे जनक लिनस तोरवाल्ड्स यांचा नियम आहे आणि त्यावरून ते सहकाऱ्यांवर जाहीरपणे चिडलेलेही आहेत. लिनक्सवरच्या ग्नोम या डेस्कटॉपसारख्या प्रकल्पांत तर पडद्यावरचे शब्दही गोठवतात, म्हणजे भाषांतर करणाऱ्यांना उसंत मिळते. बटणावरचा मजकूर शेवटच्या दिवशी बदलला, की मराठी मेनूत मधेच एक इंग्रजी ओळ डोकावते. असली ओळ दिसली की फ्रीज कोणीतरी मोडला, असं खुशाल समजावं.

खरी जोखीम मात्र जुन्या डेटाची असते. नव्या आवृत्तीत नोंदींची रचना बदलते आणि पाच-सात वर्षांची बिलं नव्या साच्यात बसवावी लागतात. ईआरपीनेक्स्टमध्ये यासाठी लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमांना पॅच म्हणतात. एका साध्या मजकुराच्या फाइलीत त्यांची क्रमवार यादी असते. मायग्रेशनची, म्हणजे जुना डेटा नव्या साच्यात हलवण्याची, आज्ञा दिली की ते एकामागून एक चालतात आणि जो पूर्ण झाला त्याची नोंद होते, म्हणजे तो पुन्हा चालत नाही. आता समजा, तलवाड्यातल्या एखाद्या दुकानात हे चालू असताना वीज गेली. खालचा मारियाडीबी हा डेटाबेस कोष्टकाच्या रचनेतला बदल तिथल्या तिथे कायम करतो, तो आपोआप मागे फिरत नाही. अर्ध्या नोंदी जुन्या, अर्ध्या नव्या. वीज आल्यावर अर्धवट राहिलेला पॅच पहिल्यापासून चालणार. तो तसा चालला तरी कुणाची बाकी दुप्पट होऊ नये, याची काळजी लिहिणाऱ्याने आधीच घेतलेली असली तर दुकानदार वाचला. हे काम कुठल्याही जाहिरातीत दिसत नाही.

यावर कोणी म्हणेल, की फ्रीज वगैरे ठीक, पण कायदा कुणासाठी थांबतो? आक्षेप रास्त आहे. जीएसटी परिषदेने ३ सप्टेंबर २०२५ला दर बदलायचं ठरवलं आणि २२ सप्टेंबरपासून बहुतेक वस्तूंचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले. एवढ्या अवधीत नुसता नवा दर घालून भागत नाही. ऑगस्टच्या बिलावरचा माल सप्टेंबरअखेर परत आला तर त्याची क्रेडिट नोट जुन्याच दराने निघायला हवी. त्यात जिनिंगवाल्याचं गणित निराळंच. शेतकऱ्याकडून घेतलेल्या कच्च्या कापसावरचा कर नोव्हेंबर २०१७पासून नोंदणीकृत खरेदीदारालाच भरावा लागतो. पण घाईवर इलाज फ्रीज मोडणं हा नाही. जे वारंवार बदलतं ते मूळ प्रणालीपासून वेगळं ठेवायचं. ईआरपीनेक्स्टच्या चौदाव्या आवृत्तीत, २०२२मध्ये, भारतीय कर-नियमांचा भाग ‘इंडिया कम्प्लायन्स’ या स्वतंत्र ॲपमध्ये गेला तो मला म्हणूनच नव्या सोयींपेक्षा मोठा निर्णय वाटतो. कराचा नियम बदलला म्हणून सगळं हिशेबाचं यंत्र खोलायची वेळ येत नाही.

दुसरा आक्षेप असा, की कोड उघडाच आहे, हजारो डोळे पाहतात, मग एवढा सोपस्कार कशाला? २०२४च्या एक्सझेड प्रकरणाने त्याचं उत्तर दिलं आहे. फाइली आवळून लहान करणाऱ्या या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट घुसवली होती, आणि ती सुरू करणारा धागा सर्वांना दिसणाऱ्या कोडमध्ये नव्हताच. रिलीज म्हणून बांधलेल्या गाठोड्यात तो नंतर टाकला होता. ती बांधणी प्रकल्पात दोन-अडीच वर्षं विश्वास कमावलेल्या टोपणनावाच्या माणसाकडे होती. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सर्व्हरवर लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, आणि मार्चअखेर भांडं फुटलं. तोवर हा माल डेबियन या लिनक्स प्रणालीच्या चाचणीच्या आवृत्त्यांपर्यंत पोहोचला होता, स्थिर आवृत्तीत नव्हता. ज्या संथपणाला एरवी नावं ठेवली जातात, त्यानेच स्थिर आवृत्ती वापरणाऱ्यांना वाचवलं.

राहता राहिला परवाना. जीपीएलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं, की कसलीही हमी नाही. कायद्यापुरतं ते बरोबरच आहे. फुकट देणाऱ्यावर खटले भरत बसलो तर कोणी काही देणार नाही. मात्र हमी नसेल तर तपासणीचा वाटा वापरणाऱ्यांच्या बाजूनेही उचलला गेला पाहिजे, आणि इथे आपण फारच मागे आहोत. जिल्ह्याजिल्ह्यात संगणकशास्त्राची महाविद्यालयं आहेत, आणि वर्षअखेरीस तीच ती ‘ग्रंथालय व्यवस्थापन प्रणाली’ प्रकल्प म्हणून बांधून दिली जाते. त्याऐवजी चार विद्यार्थ्यांनी आरसी उतरवून घ्यावी, एखाद्या व्यापाऱ्याच्या संमतीने नावं-आकडे पुसलेला जुना डेटा तिच्यावर चढवावा, मधेच मुद्दाम संगणक बंद करावा आणि काय मोडलं ते नीट लिहून प्रकल्पाला कळवावं. त्याला वेळ थोडाच असतो, आरसी निघाल्यापासून पक्की आवृत्ती येईपर्यंतचे काही आठवडे. त्यानंतर सापडलेली चूक थेट कुणाच्या तरी चालू खातेवहीत सापडते.