हार्ट अटॅकनंतर हृदयाचे ठोके का बिघडतात?

"अँजिओप्लास्टी झाली, पेशंट छान बोलतोय, मग अजून आयसीयूमध्ये कशाला?" हा प्रश्न नातेवाईक हमखास विचारतात. याचे उत्तर हृदयाच्या ठोक्यांमध्ये आहे.

असे का होते?
हृदयाचे ठोके विद्युत संदेशांमुळे पडतात. रक्तवाहिनी बंद झाली की तिथल्या स्नायूंना प्राणवायू मिळत नाही. दुखावलेल्या आणि निरोगी स्नायूंतून संदेश वेगवेगळ्या गतीने जाऊ लागतात आणि ठोक्यांची लय बिघडते. हा धोका पहिल्या काही तासांत सर्वाधिक असतो आणि साधारण ४८ तासांनंतर बराच कमी होतो.

कोणते बदल दिसतात?

• जादा ठोके: मध्येच ठोका चुकल्यासारखे वाटते. हे अनेकांना होते आणि बहुतेक वेळा वेगळे उपचार लागत नाहीत.

• एट्रियल फिब्रिलेशन: हृदयाचे वरचे कप्पे थरथरतात. आत रक्ताची गुठळी होऊ शकते, म्हणून रक्त पातळ करणारे औषध लागू शकते.

• हार्ट ब्लॉक: हा रक्तवाहिनीतला 'ब्लॉकेज' नव्हे. इथे विद्युत संदेश अडतो आणि ठोके मंदावतात. काहींना तात्पुरता पेसमेकर लावावा लागतो. हृदयाच्या खालच्या भागाच्या अटॅकमध्ये हा ब्लॉक बहुधा काही दिवसांत सुटतो.

• व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन: हा सर्वांत घातक प्रकार. खालचे कप्पे नुसते थरथरतात, रक्त पुढे जात नाही आणि रुग्ण काही सेकंदांत बेशुद्ध होतो. यावर उपाय एकच, ताबडतोब विजेचा शॉक. मॉनिटर आणि आयसीयू यासाठीच असतात. त्यामुळे छातीवरच्या वायरी काढू नका.

शॉक द्यावा लागला, म्हणजे हृदय कायमचे धोक्यात?
तसे नाही. पहिल्या ४८ तासांतला असा प्रसंग मुख्यतः ताज्या इजेमुळे येतो. वेळेवर शॉक मिळाला आणि रक्तवाहिनी उघडली, तर केवळ तेवढ्यावरून कायमचे यंत्र बसवावे लागत नाही. मात्र असा प्रसंग त्यानंतर आला, तर आयसीडी या यंत्राचा विचार करावा लागतो. तसेच किमान ४० दिवसांनी केलेल्या टूडी-इकोमध्ये हृदयाची पंपिंग क्षमता ३५ टक्के किंवा त्याहून कमी आढळली, तरीही डॉक्टर हे यंत्र सुचवू शकतात.

घरच्यांनी काय करावे?

• छातीत दुखू लागले की 'गॅस असेल' म्हणून थांबू नका. १०८ वर फोन करा. रुग्णाला स्वतः गाडी चालवू देऊ नका.

• रुग्ण बेशुद्ध पडला आणि श्वास थांबला किंवा नुसता आचके दिल्यासारखा चालू असेल, तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाब द्या. मदत येईपर्यंत थांबू नका.

• घरी आल्यावर गोळ्या मनाने बंद करू नका. धडधडीसोबत चक्कर, घाम किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठा.

आयसीयूमधले ते एक-दोन दिवस घरच्यांना लांबलचक वाटतात. पण ठोके बिघडलेच, तर शॉक देणारे हात तिथे काही पावलांवर असतात.