सदऱ्यामागील श्रम

सदरा विकत घेताना आपण त्याचे कापड, शिवण आणि किंमत पाहतो. तो ज्यांच्या कष्टांतून तयार झाला, ती माणसे मात्र आपल्या दृष्टीस पडत नाहीत. शिक्षेच्या धाकाने एखाद्याकडून त्याच्या इच्छेविरुद्ध करून घेतलेले काम म्हणजे सक्तीचे श्रम होत. आपल्या राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने अशा श्रमांना मनाई केली आहे. किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात काम करावे लागणे हीदेखील सक्तीच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये स्पष्ट केले.

आता परदेशी बाजारपेठाही हाच प्रश्न विचारू लागल्या आहेत. अमेरिकेतील कायद्यानुसार, चीनच्या शिनजियांग या कापूस पिकवणाऱ्या प्रदेशातील माल सक्तीच्या श्रमांतून तयार झाला आहे, असे जून २०२२ पासून गृहीत धरले जाते. तसे नसल्याचे आयातदाराला सिद्ध करावे लागते. युरोपीय संघाने २०२४ मध्ये केलेल्या कायद्यान्वये १४ डिसेंबर २०२७ पासून असा कोणताही माल, तो कोणत्याही देशात तयार झालेला असो, तेथे विकता येणार नाही.

मग कंपन्यांनी कोणती तयारी करावी? प्रथम मालाचा संपूर्ण प्रवास जाणून घ्यावा. सदऱ्याचा प्रवास कापसाच्या शेतापासून सुरू होतो. सरकी काढणे, सूतकताई, विणकाम, रंगाई आणि शिलाई असे अनेक टप्पे तो ओलांडतो. केवळ शिलाईचा कारखाना पाहून भागत नाही.

त्यानंतर सक्तीच्या खुणा शोधाव्यात. कामगाराची ओळखपत्रे मालकाने ठेवून घेतली आहेत का? उचल फिटेपर्यंत त्याला काम सोडता येत नाही का? मजुरी अडवून ठेवली जाते का? तमिळनाडूतील काही सूतगिरण्यांत ‘सुमंगली’ नावाची योजना होती. लग्नासाठी एकरकमी पैसे देण्याचे आश्वासन देऊन किशोरवयीन मुलींना सुमारे तीन वर्षांसाठी कामावर घेतले जाई. मुदतीपूर्वी काम सोडल्यास ती रक्कम हातची जाई. बाहेरून कल्याणकारी भासणाऱ्या योजनेतही बंधन दडलेले असू शकते, हे यावरून लक्षात येते.

म्हणूनच पुरवठादाराचे लेखी हमीपत्र पुरेसे नाही. कामगाराला त्याच्या भाषेत, निर्भयपणे तक्रार करता आली पाहिजे. कंपनीनेही मालाला रास्त भाव दिला पाहिजे. अन्यथा कमी भावाचा भार अखेरीस मजुरावरच पडतो. दोष आढळताच पुरवठादाराशी संबंध तोडून मोकळे होणे सोपे असते. परंतु त्यामुळे कामगार वाऱ्यावर पडतो. थकलेली मजुरी त्याला मिळवून देणे आणि त्याची कर्जाच्या बंधनातून सुटका करणे, ही खरी सुधारणा होय.

कायदा मालाची तपासणी करतो. तथापि त्याचा हेतू माणसाच्या मुक्ततेचा आहे. काम नाकारण्याचे स्वातंत्र्य ज्याला आहे, त्याचेच श्रम खऱ्या अर्थाने स्वेच्छेचे असतात.