चार थरांची घडी



आजच्या विषयाचे नाव काढताच पुढच्या रांगेतील काही मंडळी खाली पाहू लागली आहेत. त्यांना आम्ही दोष देत नाही. आम्हीही पन्नाशीपर्यंत खालीच पाहत होतो.

आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. काही वर्षांपूर्वी सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या एका फडावर ऊसतोड मजुरांची बैठक होती. मागण्या विचारल्या. पुरुषांनी तोडणीचा दर सांगितला, उचलीचा हिशोब सांगितला. शेवटी बीडकडची एक वयस्क बाई म्हणाली, "दादा, ह्या नायलनच्या साडीचा फडका पाणी पीत नाही बघा. आमी करावं काय?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानातून एक पाकीट आणले, तेही वर्तमानपत्रात गुंडाळून, आणि युनियनच्या कचेरीत टेबलावर कात्रीने उकलले. आत जे सापडले ते आज आपणांस सांगावयाचे आहे.

प्रथम त्या बाईचे म्हणणे खरे कसे ते पाहू. समईची वात तेल वर ओढते. तंतूंमधील बारीक फटींतून द्रव आपोआप चढतो. याला केशाकर्षण म्हणतात. पण त्यासाठी तंतूला पाण्याची ओढ हवी. सुताला ती आहे, नायलॉन-पॉलिस्टरला फारशी नाही. शेतातून वेचलेला कापूसही पाण्यावर तरंगतो, कारण त्याच्या तंतूवर निसर्गतःच मेण असते. ते काढून टाकले की तोच कापूस दवाखान्यातला शोषक कापूस होतो. जुनी सुती लुगडी गेली, स्वस्त कृत्रिम साड्या आल्या आणि गरीब बाईच्या हातचा शोषक फडका गेला.

आता पॅडचे थर. अंगाला लागणारा पहिला थर असतो न विणलेल्या कृत्रिम कापडाचा किंवा बारीक छिद्रांच्या प्लास्टिक पापुद्र्याचा. जो दोष फडक्यात, तोच येथे गुण ठरतो. हा थर स्वतः पाणी धरीत नाही, खाली जाऊ देतो. म्हणून वरून कोरडा राहतो. दुसरा थर पाटकऱ्यासारखा. पाणी एका जागी तुंबू न देता तो ते सर्व वाफ्यात पसरवितो. तिसरा थर म्हणजे पॅडचे पोट. त्यात लाकडाचा पिंजलेला लगदा असतो. पहिल्या महायुद्धात जखमा बांधण्यासाठी असा लगदा वापरीत. परिचारिकांनी तो पाळीसाठीही वापरला, आणि 1920 साली अमेरिकेत त्याचे पॅड कोटेक्स या नावाने बाजारात आले. चौथा थर प्लास्टिकचा. तो ओल बाहेर येऊ देत नाही. त्याखाली डिंकाची पट्टी.

पातळ पॅडच्या पोटात लगद्याबरोबर साखरेसारखे पांढरे दाणे सापडतात. सोडियम पॉलिअॅक्रिलेट त्यांचे नाव. सब्जाचे बी पाण्यात फुगते तसे हे फुगतात आणि दाबले तरी पाणी सहज सोडीत नाहीत. या दाण्यांत लांबलांब साखळ्या एकमेकींना बांधलेल्या असतात. आतील सोडियममुळे पाणी आत ओढले जाते, साखळ्या ताणतात, पण गाठी असल्यामुळे विरघळत नाहीत. शुद्ध पाणी ते वजनाच्या तीनशे पट घेतात. मिठाच्या पाण्यात मात्र हे प्रमाण पन्नास-साठ पटींवर येते, कारण आतबाहेरच्या क्षारांतील फरक कमी होतो. रक्तात क्षार आहेत, शिवाय पेशी आणि प्रथिने आहेत. तेथे काम आणखी मंदावते. पाकिटाच्या जाहिरातीत निळे पाणी ओततात, ते पाहताना एवढे लक्षात ठेवावे. याच जातीचे दाणे दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेने शेतीसाठी तयार केले, पुसा हायड्रोजेल या नावाने. माण-खटाव, जत-आटपाडीच्या शेतकऱ्याला जमिनीत ओल टिकविण्याचे महत्त्व आम्ही काय सांगावे?

कोइमतूरचे अरुणाचलम मुरुगनंथम यांची शाळाही लहानपणीच सुटली होती. त्यांनी आधी कापसाचे पॅड केले, ते फसले. बाजारच्या पॅडमध्ये कापूस नसून लाकडाचा लगदा आहे हे कळण्यास त्यांना फार काळ लागला. मग त्यांनी लहान यंत्र बनविले. 2016 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

परंतु थर कितीही चांगले असोत, पॅड चारसहा तासांनी बदलावाच लागतो. वरून कोरडे लागते म्हणून दिवसभर ठेवला तर ऊब आणि ओल यांत जंतू वाढतात, कातडी सोलते. आता फडावर पाहा. पहाटे कोयता हाती घ्यावयाचा, आडोसा नाही, पाणी नाही, आणि एक दिवस बसावे तर खाड्याचा दंड. 2019 साली राज्य शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातील सुमारे 82 हजार ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. त्यांतील 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीच नको, असे बाईने म्हणावे, ही पाळी तिच्यावर कोणी आणली?

शासनाने काही केले नाही असे नव्हे. मार्च 2018 मध्ये अस्मिता योजना सुरू झाली, जिल्हा परिषद शाळांतील मुलींना पाच रुपयांत आठ पॅड देण्याची. त्याच वर्षी जुलैत पॅडवरील जीएसटी उठला. पण जी मुलगी हंगामात आईबापांबरोबर फडावर येते, तिची शाळा गावीच राहते.

म्हणून आमच्या मागणीपत्रात दराच्या खाली आता चार ओळी असतात: खोप्यांजवळ संडास आणि पाणी, पॅड किंवा सुती कापड, आणि ते साबणाने धुऊन उन्हात वाळविण्यास जागा, वापरलेल्या पॅडची विल्हेवाट, कारण त्यातील प्लास्टिक कुजत नाही, आणि पाळीच्या दिवशी खाडा माफ. पहिल्या वाचनाला आमचेच कार्यकर्ते हसले होते. त्या बैठकीतल्या बाया हसल्या नाहीत. त्यांनी मागणीपत्र पुढे ओढले आणि अंगठे उठविले.