झऱ्याचे गाणे आणि स्मरणाचे थर

बालपणीच्या निसर्गप्रेमाला कलारूप देताना निसर्गहानीची जाणीव कशी व्यक्त होते, हा प्रश्न वरणगावसारख्या तापीखोऱ्यातील गावी केवळ सैद्धान्तिक राहत नाही. पलीकडच्या यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात भूजल खोल गेले आहे. धरणगाव येथे १८९० मध्ये जन्मलेल्या बालकवींच्या ‘निर्झरास’ या कवितेतील झरा बालरूप आहे. कवी त्याच्याकडून गाणे शिकू पाहतो. तो आटेल, ही शंका तेथे नाही. सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांच्या ‘हिंदू’ (२०१०) या कादंबरीचा नायक खंडेराव मात्र पुरातत्त्वाचा अभ्यासक आहे. मोरगावचे बालपण तो स्मरणाचे थर उकरीत पाहतो; तेथील निसर्ग शेती, गुरे व माणसे यांच्यापासून वेगळा काढता येत नाही.

यावरून असे म्हणता येईल की, हानीची कला केवळ हळहळीने सिद्ध होत नाही. काय गेले आणि ते कोणत्या जीवनव्यवस्थेबरोबर गेले, हे तिला सांगावे लागते. कोरडा ओहोळ पाहिलेला विद्यार्थी ‘निर्झरास’ खिन्नतेने वाचील. ती खिन्नता खरी आहे. परंतु ती संहितेची नसून वाचकाच्या काळाची आहे, हा भेद अध्यापनात सुटता कामा नये.