मनगटावरचे नवे घड्याळ : घ्यावे की थांबावे?

सप्टेंबर उजाडला की मोठ्या कंपन्यांची नवी स्मार्टवॉच बाजारात येतात. त्यांच्या मागोमाग नवरात्र-दिवाळीच्या जाहिराती येतात आणि दवाखान्यात एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "डॉक्टर, माझे जुने घड्याळ चालू आहे, पण नव्या मॉडेलमध्ये हृदयाचे आणखी काही कळते म्हणतात. घेऊन टाकू का?" पूर्वी हा प्रश्न मुंबईकरांचा होता. आता तो चारोटी नाक्यावर, कासा बाजारात, डहाणूच्या चिकूवाड्यांत आणि तलासरीच्या शाळांतही निघतो. कोणाच्या हातात दोन हजारांचे घड्याळ असते, कोणाच्या हातात मुलाने आणून दिलेले चाळीस-पन्नास हजारांचे. प्रश्न जितका खिशाचा तितकाच प्रकृतीचाही असल्याने आजचे सदर त्यासाठी.

माझे मत आधीच सांगतो. घड्याळात काय नवे आले हे विचारण्याआधी, ते नवे कळल्यावर आपण काय वेगळे करणार, हे स्वतःला विचारावे. उत्तर मिळाले तर नवे घड्याळ घेण्यात अर्थ आहे. उत्तर नसेल तर तो खर्च हौसेचा. हौस जरूर करावी, पण तिला औषधोपचार समजू नये.

घड्याळ मोजते तरी काय?

घड्याळ आणि नाडी यांचे नाते तीनशे वर्षांहून जुने आहे. इंग्लंडमधील वैद्य सर जॉन फ्लॉयर यांनी नाडी मोजण्यासाठी एक मिनिट चालणारे खास घड्याळ बनवून घेतले आणि १७०७ साली त्यावर ग्रंथ लिहिला. आजचे स्मार्टवॉच मुळात तेच काम करते. त्याच्या पाठीमागे हिरवा दिवा लुकलुकतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर मनगटातल्या बारीक रक्तवाहिन्यांतले रक्त कमी-जास्त होते, तसा परत येणारा प्रकाशही बदलतो. त्यावरून ठोके मोजले जातात. माणूस स्वस्थ बसलेला असेल आणि पट्टा नीट आवळलेला असेल, तर साधे घड्याळही नाडी बऱ्यापैकी सांगते.

बाकीचे बरेचसे आकडे, म्हणजे मनाचा ताण, झोपेचे गुण, खर्च झालेल्या कॅलरी, हे नाडी आणि हाताची हालचाल यांवरून बांधलेले अंदाज असतात. नव्या मॉडेलमध्ये असे अंदाज वाढले म्हणून आपल्या शरीराची माहिती त्याच प्रमाणात वाढली असे होत नाही.

ईसीजीची गोष्ट थोडी वेगळी आहे. २०१८ साली अ‍ॅपल कंपनीने सिरीज ४ या घड्याळात ही सोय आणली. दुसऱ्या हाताचे बोट घड्याळाच्या कडेच्या चावीवर तीस सेकंद धरले की हृदयाच्या विद्युतप्रवाहाचा आलेख निघतो. रुग्णालयातला ईसीजी मात्र हृदयाकडे बारा कोनांतून पाहतो, घड्याळ एकाच कोनातून पाहते. त्या एका कोनातून ठोक्यांची लय बिघडली आहे का, एवढे चांगले कळते. 'एट्रियल फिब्रिलेशन' या विकारात हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. तिथे रक्ताची गुठळी झाली आणि ती मेंदूत गेली की पक्षाघात होतो. हा विकार वेळीच सापडणे मोलाचे आहे आणि घड्याळाचा खरा उपयोग इथे आहे.

पण तो कोणाला? अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने घड्याळ वापरणाऱ्या ४,१९,२९७ लोकांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. लय अनियमित असल्याचा इशारा त्यांतील सुमारे अर्धा टक्का लोकांना मिळाला. वयाची पासष्टी गाठलेल्यांत हे प्रमाण तीन टक्क्यांच्या वर होते, तर चाळिशीच्या आतल्यांत हजारी दोन-तीनदेखील नव्हते. इशारा मिळालेल्यांपैकी ज्यांनी नंतर छातीवर तपासणीची पट्टी लावली, त्यांतील ३४ टक्क्यांमध्ये हा विकार त्या पट्टीत सापडला. तो येऊन-जाऊन असतो, त्यामुळे काहींचा निसटलाही असेल. सांगायचे ते इतकेच, की पंचविशीतल्या मुलाने लय पाहण्यासाठी घड्याळ बदलणे आणि सत्तरीच्या आजोबांसाठी ते घेणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नव्यातले नवे कधी जुन्यातही असते

दुकानदार सहसा सांगत नाही अशी एक गोष्ट. सप्टेंबर २०२४ मध्ये अ‍ॅपलची सिरीज १० आली, तेव्हा झोपेत श्वास अडखळण्याचा विकार ओळखण्याची सोय गाजली. सप्टेंबर २०२५ मध्ये सिरीज ११ आली, तेव्हा उच्च रक्तदाबाचा इशारा गाजला. दोन्ही सोयी कंपनीने आधीच्या सिरीज ९ लाही सॉफ्टवेअर बदलून दिल्या. म्हणजे ज्याच्याकडे सिरीज ९ होती, त्याला एवढ्यासाठी नवे घेण्याची गरजच नव्हती. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी आपले घड्याळ आणि फोन यांचे सॉफ्टवेअर अद्ययावत करून पाहावे. घरातल्या दहावीतल्या मुलाला सांगितले तर तो पाच मिनिटांत करून देईल.

रक्तदाबाच्या त्या इशाऱ्याचेही नीट समजून घेतले पाहिजे. हे घड्याळ १४०/९० असा आकडा दाखवत नाही. तीस दिवसांच्या नाडीच्या नोंदी पाहून 'तुमचा रक्तदाब वाढलेला असावा' एवढेच सुचवते. कंपनीच्या स्वतःच्या चाचणीत रक्तदाब खरोखर वाढलेल्या १०० जणांपैकी सुमारे ४१ जणांनाच इशारा मिळाला. उरलेल्यांच्या मनगटावर शांतता होती. शिवाय ज्यांना रक्तदाबाचे निदान आधीच झाले आहे त्यांच्यासाठी आणि गरोदर स्त्रियांसाठी ही सोय नाहीच, असे कंपनी स्वतः सांगते. आणि माझ्याकडे याबद्दल सर्वांत उत्सुकतेने विचारणारे कोण? रक्तदाबाच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणारे!

अशांना मी एकच सांगतो. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजणारे चांगले यंत्र दोन-अडीच हजार रुपयांत मिळते. ते एकाने घेतले की सगळ्या घराला पुरते. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, तंबाखू, मशेरी नको. पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटे गप्प बसावे. हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवावा. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे आणि वहीत तारीख घालून लिहावे. घरी सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त येत असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. त्या वहीने आम्हाला जितके कळते, तितके घड्याळातल्या रंगीत आलेखांनी कळत नाही.

साखर आणि प्राणवायू

सुई न टोचता रक्तातली साखर सांगणारी घड्याळे आणि अंगठ्या स्वस्तात विकल्या जातात. त्यांपासून दूर राहावे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर इशारा दिला, की त्वचेला न टोचता स्वतःहून साखर मोजणाऱ्या कोणत्याही घड्याळाला वा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. त्वचेखाली बसवलेल्या संवेदकाचा आकडा घड्याळावर दिसणे वेगळे, तिथे मोजमाप संवेदक करतो. खोट्या आकड्यावर विसंबून इन्शुलिनचा डोस कमी-जास्त केला तर जिवावर बेतते.

प्राणवायूच्या आकड्याबद्दलही सावध असावे. बोटाला लावायच्या प्राणवायुमापकाचे वाचन गडद त्वचेच्या रुग्णांत प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसण्याची शक्यता अधिक असते, असे अमेरिकेतील डॉक्टरांनी २०२० च्या अखेरीस दाखवून दिले. घड्याळ तर बोटाऐवजी मनगटावर असते. पट्टा सैल असेल, हात गार पडला असेल तर आकडा चुकतो. आपल्या भागातल्या अनेक आयाबायांच्या मनगटावर गोंदण असते. त्या शाईनेही घड्याळाचा प्रकाश अडतो. घरात सिकलसेलचे मूल असेल आणि त्याला दम लागत असेल, छातीत वा सांध्यांत कळा येत असतील, तर घड्याळात ९७ दिसते म्हणून घरी थांबू नये.

महामार्गावरचा धडा

चारोटीचे नाव देशभर पोहोचले ते एका दुःखद घटनेने. ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला येथील सूर्या नदीच्या पुलावर अपघात झाला. मागच्या आसनावरचे दोघेही दगावले. त्यांनी आसनपट्टा बांधलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. योगायोग असा, की त्यानंतर तिसऱ्याच दिवशी, ७ सप्टेंबरला, मोटारीची जबर धडक ओळखून आपोआप मदतीला फोन लावणारे घड्याळ अ‍ॅपलने जाहीर केले. सोय चांगली आहे. एकटे राहणाऱ्या वृद्धांना पडल्याचा इशारा देणारी सोयही चांगली आहे. पण फोन जवळ हवा किंवा घड्याळाला स्वतःची जोडणी हवी, आणि रेंज हवी. शिवाय घड्याळ बोलते ते धडक झाल्यानंतर. आसनपट्टा त्या क्षणी कामाला येतो आणि तो गाडीत फुकट मिळालेला असतो.

सर्वांत मोठा धोका

आता मुख्य मुद्दा. महामार्गावर गाडी चालवणारे एक पन्नाशीचे गृहस्थ माझ्या पाहण्यात आहेत. संध्याकाळी छातीत जडपणा आला, डावा हात भरून आला, घाम फुटला. घड्याळात नाडी ७८, प्राणवायू ९८. 'घड्याळ ठीक म्हणते' म्हणून त्यांनी पित्ताची गोळी घेतली आणि रात्र काढली. सकाळी ईसीजी काढला तेव्हा हृदयविकाराचा झटका येऊन बारा तास लोटले होते. ते वाचले, पण हृदयाच्या स्नायूचा मोठा भाग निकामी झाला. आज त्यांना ट्रक चालवता येत नाही. दोन मुलांचे शिक्षण अजून व्हायचे आहे.

घड्याळ खोटे बोलले नव्हते. झटक्यात हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबते, तरी नाडी मनगटापर्यंत नेहमीसारखी पोहोचू शकते आणि प्राणवायूही उत्तम असू शकतो. आपले घड्याळ हृदयविकाराचा झटका ओळखू शकत नाही, हे अ‍ॅपलसुद्धा स्पष्ट लिहिते. आणि हे जुन्या मॉडेलइतकेच अगदी नव्या, सर्वांत महाग मॉडेललाही लागू आहे. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूवर माणसाचा विश्वास जास्त बसतो, ही खरी भीती.

मग घ्यावे कधी?

जुन्या घड्याळाची बॅटरी दिवसभर पुरत नसेल किंवा पाठीमागची काच तडकली असेल, तर आधी दुरुस्तीचा खर्च विचारावा, तो न परवडला तर बदलावे. कंपनीने सॉफ्टवेअर देणे बंद केले असेल तर बदलण्याचा विचार करावा. वय साठीपुढे आहे, मधूनच छातीत धडधडते, दवाखान्यात पोहोचेपर्यंत ती थांबते आणि आपल्या घड्याळात ईसीजी नाही, अशा वेळी डॉक्टरांना विचारून ईसीजीचे मॉडेल घ्यावे. तो आलेख आम्हाला खरोखर उपयोगी पडतो. आई-वडील एकटे राहत असतील तर पडल्याचा इशारा देणारे घ्यावे. घेताना सोबतचा कागद वाचावा. पुष्कळ स्वस्त घड्याळांच्या कागदावर 'वैद्यकीय उपयोगासाठी नाही' असे बारीक अक्षरात छापलेले असते.

केवळ पावले मोजण्यासाठी मात्र घड्याळ बदलू नये. रोज दहा हजार पावलांचा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीला आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून रूढ झाला. वयस्कर स्त्रियांच्या २०१९ मधील एका अमेरिकी अभ्यासात दिवसाला सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांत २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा मृत्यूचे प्रमाण कमी आढळले आणि साडेसात हजारांच्या पुढे फायदा फारसा वाढला नाही. पाड्यावरून पाणी आणणारी बाई एवढे सकाळीच चालते. आपल्याला स्वतःची परीक्षा पाहायची असेल तर महालक्ष्मीचा डोंगर आहे. गेल्या यात्रेला न थांबता चढलात आणि यंदा अर्ध्यात धाप लागली, छाती दाटली, तर ती खूण कोणत्याही आकड्यापेक्षा मोठी समजून तपासून घ्यावे.

शेवटी एक विनंती. छातीत जडपणा, हात वा जबडा भरून येणे, थंड घाम, एकाएकी दम लागणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, यांतले काहीही झाले तर मनगटाकडे पाहू नका. १०८ ला फोन लावा किंवा मिळेल त्या वाहनाने जवळचे रुग्णालय गाठा, मग ते कासा असो की डहाणू. स्वतः गाडी चालवू नका. घड्याळात किती वाजले एवढेच पाहून ठेवा. त्रास केव्हा सुरू झाला, हे डॉक्टर सर्वांत आधी विचारतील.