पिवळं पाणी हिरवं होतं तेव्हा: सांडपाण्यातलं क्रोमियम कसं काढतात?

अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यात बऱ्याच गावांच्या विहिरींचं पाणी खारं असतं. पिण्यासाठी भिस्त धरणांवर. अकोल्यातून वाहणारी मोर्णा पुढे पूर्णेला मिळते, आणि ही पूर्णाच खारपाणपट्ट्यातून जाते. जिथे गोडं पाणी आधीच कमी, तिथे नदीत विषारी धातू मिसळणं कुणालाच परवडणारं नाही.

एमआयडीसीतलं क्रोम प्लेटिंगचं उदाहरण घेऊ. नळांना, गाड्यांच्या सुट्या भागांना चकाकी देणारं हे काम. त्याच्या सांडपाण्यात हेक्साव्हॅलंट क्रोमियम असतं. ते कर्करोगाला कारण ठरू शकतं. नियमानुसार नदीनाल्यात सोडायच्या पाण्यात ते लिटरमागे 0.1 मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही.

मग चुना टाकला की झालं? नाही. गंमत इथेच आहे. या रूपातलं क्रोमियम चुन्याला दाद देत नाही, विरघळलेलंच राहतं. म्हणून आधी त्याचं रूप बदलावं लागतं. पाण्यात ॲसिड घालून पीएच 2 ते 3 वर आणतात आणि सोडियम मेटाबायसल्फाइट टाकतात. पिवळं पाणी हिरवट होतं. आता क्रोमियम कमी घातक, ट्रायव्हॅलंट रूपात आलेलं असतं. मग चुना टाकून पीएच साधारण 8 ते 9 केला, की हिरवट गाळ तळाशी बसतो. मेटाबायसल्फाइटऐवजी हिराकसही चालतं, पण गाळ जास्त होतो.

चुना भरमसाट टाकला तर बसलेलं क्रोमियम पुन्हा विरघळू लागतं. निकेलला मात्र पीएच 10 च्या आसपास लागतो. त्यामुळे सगळं सांडपाणी एकाच टाकीत ओतून भागत नाही. त्याहून गंभीर म्हणजे काही प्लेटिंगमध्ये सायनाइड वापरतात. ते पाणी चुकून या ॲसिडच्या टाकीत गेलं, तर जीवघेणा हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो. दोन्हींच्या पाइपलाइन वेगळ्याच हव्यात.

आणि धातू नष्ट होत नाही, फक्त पाण्यातून गाळात जातो. हा गाळ घातक कचऱ्यात मोडतो. विदर्भात त्याची विल्हेवाट लावणारं केंद्र नागपूरजवळ बुटीबोरीला आहे. म्हणून कारखान्याचं काम तपासताना पाण्याच्या रिपोर्टसोबत गाळ पाठवल्याची कागदपत्रंही मागावी लागतात.