डॉक्टरविरुद्ध दाद मागायची तर कुठं?

ऐन सुगीत घरचं माणूस आजारी पडतं. तालुक्याच्या गावी खासगी दवाखान्यात दाखल करतात, सलाईनवर सलाईन चढतं आणि तिसऱ्या दिवशी माणूस दगावतो. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. पोरं गाड्या भरून जातात, काचा फुटतात. नाहीतर गावातले चार वजनदार लोक मध्ये पडतात आणि रात्रीतून प्रकरण 'मिटवून' टाकतात. पंधरा दिवसांनी दवाखाना पूर्ववत सुरू. डॉक्टरचं खरंच चुकलं होतं, की दुखणंच हाताबाहेर गेलं होतं, याचा निवाडा कोणी करत नाही.

काचा फोडणाऱ्यांचं मात्र भलतंच होऊन बसतं. डॉक्टर आणि दवाखान्यावरील हल्ल्यांबाबत महाराष्ट्रात २०१० साली स्वतंत्र कायदा झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजार रुपयांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र आणि वर मोडतोडीच्या दुप्पट भरपाई. म्हणजे ज्याच्या घरचं माणूस गेलं, तोच आरोपीच्या पिंजऱ्यात.

आता निवाडा होतो कुठं ते पाहू. सरकारी नोकरीतल्या मंडळींना खातेनिहाय चौकशी काही नवी नाही. डॉक्टरचीही तशीच चौकशी होते. पण खासगी डॉक्टर कोणाचा नोकर नसतो, त्यामुळं त्याच्या नोकरीवर कोणाला बोट ठेवता येत नाही. त्याच्याकडं असतो नोंदणी क्रमांक. ॲलोपॅथीच्या डॉक्टरची नोंद मुंबईची महाराष्ट्र वैद्यक परिषद ठेवते. १९६५ च्या कायद्यानं ती चालते, आणि गैरवर्तन शाबीत झालं तर नोंदवहीतून नाव काढण्याचा अधिकारही तिलाच आहे. आयुर्वेद-युनानीची परिषद वेगळी, होमिओपॅथीची वेगळी. तेव्हा तक्रारीआधी डॉक्टर कोणत्या नोंदवहीतला आहे ते बघावं. चुकीच्या दारात गेलेला कागद परत येतो. प्राथमिक आरोग्य केंद्राचा वैद्यकीय अधिकारी असेल, तर शिस्त व अपील नियमांखाली त्याची सरकारी चौकशीही होऊ शकते आणि परिषदेतही तक्रार करता येते. एकानं दुसरं अडत नाही.

आणि बोगस डॉक्टर? त्याचं नाव कोणत्याच नोंदवहीत नसतं, मग परिषद काढणार काय? तिथं तालुका आरोग्य अधिकारी आणि पोलीस, हाच रस्ता.

गैरवर्तन म्हणजे काय, हे २००२ च्या आचारसंहितेत लिहिलं आहे. (२०२३ साली नवे नियम आले होते, पण त्याच महिन्यात स्थगित झाले आणि जुनेच पुन्हा लागू झाले.) रुग्ण मरणं म्हणजे गैरवर्तन नव्हे, हे आधी ध्यानात घ्या. गुण आला नाही म्हणून डॉक्टर दोषी ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही २००५ साली हेच सांगितलं, आणि स्वतंत्र वैद्यकीय मत घेतल्याशिवाय पोलिसांनी डॉक्टरवर पाऊल उचलू नये असं बजावलं. उलट रुग्ण ठणठणीत बरा झाला तरी गैरवर्तन होऊ शकतं. संमती न घेता शस्त्रक्रिया करणं, खोटा दाखला देणं, पेशंट पाठवल्याबद्दल 'कट' घेणं, गर्भलिंग सांगणं, रुग्णाची गुपितं फोडणं, हे सगळं त्यात बसतं. खोट्या दाखल्यावर जरा थांबू. मारामारीत 'गंभीर दुखापत' लिहून आणण्याची चाल आपल्या भागात अनोळखी नाही. तो दाखला देणारा डॉक्टर नोंदणी गमावू शकतो. घेणाऱ्यांनी काय करावं ते त्यांनी ठरवावं!

तक्रारीचा सगळा जीव कागदात असतो, आणि आपली माणसं नेमकी तिथंच हरतात. दाखल रुग्णाचे कागद डॉक्टरनं तीन वर्षं जपायचे असतात. रुग्णानं किंवा त्याच्या अधिकृत माणसानं मागणी केली, तर ७२ तासांत द्यायचे असतात. न देणं हेच मुळात गैरवर्तन. म्हणून मागणी तोंडी करू नका. दोन प्रती करा, एकीवर दवाखान्याचा शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टानं धाडा. औषधाच्या चिठ्ठ्या, बिलं, एक्स-रे, सारं एका पिशवीत ठेवा. आणि पैसे घेऊन 'आमची काही तक्रार नाही' अशा कागदावर सही-अंगठा देण्याआधी एक रात्र जाऊ द्या.

तक्रार गेली की परिषद डॉक्टरचं म्हणणं मागवते आणि सुनावणी लावते. डॉक्टरला वकील देता येतो. सहा महिन्यांत निर्णय व्हावा असा नियम आहे, पण तो पाळला जाईलच या भरवशावर राहू नका. दोष शाबीत झाला तर शिक्षा परिषद ठरवते. त्यात ठरावीक मुदतीसाठी किंवा कायमचं नाव काढता येतं. नाव काढलं तर ते स्थानिक वर्तमानपत्रांतून जाहीर करावं, असंही नियमात आहे. आमच्याकडं अशा जाहिराती येतात त्या जमिनीच्या नोटिसांच्या आणि हरवलेल्या कागदपत्रांच्या.

दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. परिषद तुम्हाला एक रुपयाही मिळवून देणार नाही. भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडं दोन वर्षांच्या आत जावं लागतं. पैसे घेऊन उपचार करणारे डॉक्टर ग्राहक कायद्याखाली येतात, हे १९९५ सालीच ठरलं आहे. दुसरी गोष्ट अधिक बोचणारी. डॉक्टरांचा निवाडा बहुतेक डॉक्टरच करतात. आजाराचं त्यांनाच कळतं, हे मान्य. पण २०१९ च्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यात परिषदेच्या निर्णयावर अपील करणारा म्हणून डॉक्टरचं नाव घातलं, रुग्णाचं घातलं नाही. पूर्वीच्या नियमांत 'निर्णयानं नाराज कोणीही' ६० दिवसांत अपील करू शकत होता. आता परिषदेनं डॉक्टरला मोकळं सोडलं, तर विधवा बाईनं उच्च न्यायालयाची पायरी चढायची. हे दुरुस्त व्हायला हवं, आणि मत मागायला येणाऱ्या पुढाऱ्यांना ते विचारायला हवं.

नोंदणी गेली म्हणजे सगळं झालं असंही नाही. परळी वैजनाथचं प्रकरण आठवा. २०१२ साली तिथल्या दवाखान्यात गर्भपात करताना एका महिलेचा मृत्यू झाला. २०१९ मध्ये डॉक्टर दांपत्याला १० वर्षांची शिक्षा झाली. आणि २०२० साली तोच डॉक्टर नोंदणी रद्द असताना पुन्हा रुग्ण तपासताना सापडला! मुंबईच्या नोंदवहीत नाव खोडलं, म्हणून गावातली गर्दी आपोआप हटत नाही.

म्हणून ग्रामपंचायतीनं एवढं जरूर करावं. आपल्या हद्दीतल्या प्रत्येक दवाखान्यात जाऊन नोंदणी क्रमांक बघावा. तो दवाखान्यात लावणं आणि चिठ्ठी, दाखला, पावती यांवर छापणं डॉक्टरला बंधनकारक आहे. क्रमांक टिपून घ्यावा आणि संबंधित परिषदेला पत्र पाठवून विचारावं, की हा डॉक्टर आजच्या तारखेला नोंदवहीत आहे काय. उत्तर आलं की ते ग्रामसभेत वाचून दाखवावं.